वजनात बसलेली पुंगळी

मी पितळेची पुंगळी बोलतेय. खरं सांगायचं तर पुंगळीचं फक्त बूड बोलतंय. मान आणि तोंड असलेला माझा वरचा तुकडा भंगाराच्या डब्यात पडलाय. तोंड गेलं, पण बोलायची खोड काही गेली नाही.

बंदुकीतून सुटते ती गोळी. तिचं नाव होतं, तिचे फोटो निघतात, हरणाशेजारी उभं राहून लोक तिच्या गप्पा मारतात. गोळीला, दारूला आणि ठिणगीच्या टोपीला पोटात धरून बसते ती मी. बार झाला की गोळी पुढे जाते आणि मी मागे, काळं तोंड घेऊन चिखलात. तिथून मला उचलतात, धुतात, दाबतात, पुन्हा भरतात आणि पुन्हा उडवतात.

आधीच सांगून ठेवते, मला किळस फार. तुम्ही म्हणाल, धातूला कसली आलीय किळस? तुम्ही आर्वो केतोलाच्या तळघरात नऊ वर्षं काढा आणि मग मला विचारा.

माझा जन्म म्हणजे नाण्याएवढी एक चकती. तिला ठोकून, ओढून, ताणून लांब केली. बुडाशी जाड, तोंडाशी पातळ. अशा शंभर जणी एका खोक्यात बसून आम्ही अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या वरच्या तुकड्यात, लोखंडाच्या खाणीच्या एका गावात येऊन पडलो. आर्वोने खोकं उघडलं, तंबाखूची चिमूट खालच्या ओठात दाबली आणि त्याच बोटांनी पहिल्यांदा मला उचललं. स्वागत हे असं झालं.

आर्वोने खाणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं खडकाचे नमुने तोलले होते. निवृत्तीला त्याला घड्याळ मिळालं. त्याने ते तोललं. "माणूस खोटं बोलतो, खडकही खोटं बोलतो," तो म्हणायचा, "काटा बोलत नाही. काट्याला नातेवाईक नसतात."

त्याच्या टेबलावर काचेच्या पेटीत एक विजेचा काटा होता. एक ग्रेन म्हणजे साधारण तुमची अर्धी गुंज. त्याचाही दहावा भाग तो काटा दाखवायचा. आम्हा शंभर जणींना आर्वोने एकेक करून त्याच्यावर उघडंनागडं बसवलं. मी भरले १९३.६. माझ्या शेजारची १९१.८ भरली, तर त्याने नाक मुरडलं. मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा निदान चहा घेईपर्यंत थांबतात.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. बाहेरून आम्ही सगळ्या सारख्याच. मग जी जास्त जड तिच्या अंगात पितळ जास्त, म्हणजे पोटात जागा कमी. जागा कमी झाली की दारूचा जोर वाढतो आणि गोळी थोडी वर लागते. म्हणून सारख्या वजनाच्या पुंगळ्या एका डब्यात घालायच्या, म्हणजे सगळ्या गोळ्या एका जागी लागतात. विचार चुकीचा नाही, हे मीही मान्य करते. विचार करणाऱ्याची मात्र मला शिसारी येते.

आमचे डबे म्हणजे आइस्क्रीमचे रिकामे प्लास्टिकचे डबे. प्रत्येकावर वजनाची चिठ्ठी चिकटवलेली आणि झाकणावर पेन्सिलीच्या रेघा. डबा एकदा उडवून झाला की एक रेघ. माझ्या डब्यावर लिहिलं होतं, "१९३ आणि वर".

आता दर वेळी काय काय होतं ते ऐका, आणि जेवत असाल तर घास गिळून घ्या. आधी माझ्या बुडातली जळकी टोपी सुईने ढोसून काढायची. मग मेंढीच्या लोकरीच्या चरबीने अंग माखायचं. तो वास दोन दिवस जात नाही. मग पोलादी साच्यात कोंबून, बाराने फुगलेलं माझं अंग दाबून पहिल्या मापावर आणायचं. शेवटी अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात चार तास गरागरा फिरवायचं. बाहेर येते तेव्हा मी नवरीसारखी चकाकते आणि आर्वो खूश होतो. चकाकीची त्याला भारी हौस.

हे सगळं चालू असताना त्याच्या डाव्या हाताला कॉफीचा कागदी पेला असायचा आणि उजव्या हाताला थुंकण्याचा. दोन्ही एकाच दुकानातले, दोन्ही अर्धे भरलेले. एकदा माझ्या डोळ्यांदेखत त्याने उजवा उचलून घोट घेतला. थांबला, जरा विचार केला, गिळला आणि पुढची पुंगळी काट्यावर ठेवली. मी तेव्हाच ठरवलं की या माणसाकडून जगात काहीही होऊ शकतं.

घरात त्याची थोरली बहीण होती, सायमा. नवरा गेल्यापासून वरच्या खोलीत राहायची. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज असा की तळघरातल्या बरण्या वाजायच्या. भावाशी तिचं कायमचं भांडण शनिवारचं. या गावात शनिवारी वाफेच्या खोलीत बसून घाम काढला नाही, तर आठवडा संपला असं कुणी मानत नाही. केतोलांची वाफेची खोली तळघरातच, टेबलापासून दहा पावलांवर. आर्वो तोलायला बसायचा तोही शनिवारी, आणि वाफेने काटा हलतो म्हणून चूल पेटवू द्यायचा नाही.

"शेजारी आंघोळीला जाते मी, शेजारी!" सायमा जिन्यावरून ओरडायची. "या वयात टॉवेल काखेत मारून लोकांच्या दारात! आप्पांना कळलं असतं तर थडग्यातून उठून आले असते."

"ताई, एक दशांश हलतो काटा."

"तुझं डोकंच हललंय, त्याचं वजन कर आधी. आप्पांनी आयुष्यात पुंगळी तोलली नाही, पण त्यांचं हरीण कधी चुकलं नाही. ते काय करायचे? तार घालायचे!"

ही तार म्हणजे सायमाच्या आईची केसांची पिन. आप्पांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, ती सरळ करून टोकाशी नखाएवढी वाकवली होती. बार झाला की ते पुंगळीच्या तोंडातून ती आत घालायचे आणि बुडाजवळ भिंतीवरून हळूच ओढायचे. भिंत आतून झिजली असेल तर तारेचं टोक तिथे अडकतं, खाच बोटाला कळते. अडकली की पुंगळी भंगारात. ती तार सायमाच्या शिवणाच्या डब्यात अजून होती. आर्वोने काटा आणला त्या दिवशी तो तिला म्हणाला होता, "हे अडाण्यांचं काम. मी शास्त्राने करतो."

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अजूनही मळमळतं. सहा वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, आर्वोची बायको आयरीन वारली. दहनानंतर तिची राख एका पत्र्याच्या डब्यातून घरी आली. घरात माणसं होती, वर सायमा कॉफी देत होती, आयरीनची एकुलती एक मुलगी मार्नी शिकागोहून आली होती. आर्वो तो डबा घेऊन खाली आला. तळघरात एक मोठा काटा होता, हरणाच्या मटणाचे सॉसेज तोलायचा. आर्वोने डबा त्यावर ठेवला.

मार्नी वडिलांना शोधत खाली येत होती. खालून तिसऱ्या पायरीवर ती थांबली.

"बाबा, काय करताय?"

"बघतोय."

"काय बघताय?"

"सहा पौंड एक औंस," आर्वो म्हणाला. "डब्याचे अकरा औंस वजा जाता, पाच पौंड सहा."

मग त्याने ते चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी डब्याला चिकटवली. आमच्या डब्यांना चिकटवायचा, तशीच.

मार्नीच्या तोंडातून एकच शब्द आला, "शी!" ती वर गेली आणि त्याच दुपारी शिकागोला निघून गेली. नंतर सहा वर्षं नाताळला कार्ड यायचं, दोन ओळींचं. आयरीनचा डबा तळघराच्या फळीवरच राहिला, आमच्या वरच्या फळीवर, वजनाच्या चिठ्ठीसकट. मला वाटतं, त्या दिवशी आर्वोला दुसरं काही करताच येत नव्हतं. पण म्हणून किळस कमी होत नाही.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. दर बाराला मी बुडापासून थोडी ताणली जायची. साच्यात दाबलं की पोटाजवळचं पितळ मानेकडे सरकायचं. मान लांबली की आर्वो चाकूच्या चकतीने मान कापून मापात आणायचा. म्हणजे दर वेळी पोट झिजतंय आणि मान कापली जातेय. सात बारांनंतर माझ्या बुडाच्या वर, आतल्या बाजूने, एक खाच पडली. बाहेरूनही तिथे एक चकचकीत कडं दिसायला लागलं. पण अक्रोडाच्या भुग्यातून निघाल्यावर मी सगळीच चकचकीत. कडं कुणाला दिसणार?

आणि मान कापून कापून माझं वजन उतरलं. दर वर्षी आर्वो सगळ्यांना नव्याने तोलायचा. या उन्हाळ्यात त्याने मला काट्यावर ठेवलं तर १९२.३.

"अरे," तो म्हणाला, "तू इथली नाहीस."

म्हणून त्याने मला "१९२ ते १९२.५" या डब्यात टाकलं. तो डबा दोन वर्षांपूर्वी आणलेल्या नव्या पुंगळ्यांचा. आमच्याच कारखान्याच्या, बुडावर शिक्काही तोच. त्या मुळातच हलक्या होत्या. मी कापून कापून हलकी झाले होते. काट्याला दोन्ही सारखंच. त्या डब्याच्या झाकणावर एकच रेघ होती. सात वेळा उडालेली मी एका क्षणात एकदा उडालेली झाले. माझ्यासारख्या आणखी सहा म्हाताऱ्या त्या पोरींमध्ये येऊन पडल्या. तरुण व्हायला लोक काय काय लेप लावतात. आम्हाला आर्वोच्या काट्याने फुकटात तरुण केलं.

मला कळत होतं की पुढच्या बाराला मी तुटणार. तुटले की भडका मागे येतो, रायफल धरणाऱ्याच्या तोंडावर. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटत नव्हतं. ते तोंड आर्वोचं असणार होतं. तंबाखूने पिवळं झालेलं, चुकीच्या पेल्यातून पिणारं.

ऑक्टोबरात एका रविवारी फोन वाजला. आर्वोने खालीच उचलला. बराच वेळ तो नुसता "हो" म्हणत होता. मग फोन ठेवून तो जिन्याखाली जाऊन उभा राहिला.

"ताई! मार्नी येतेय! हरणांच्या शिकारीला. पंधरा तारखेला."

वर काहीतरी भांडं पडलं. "खरंच? का? काय झालं?"

"आईची रायफल चालवायची म्हणतेय."

"मग रड ना मेल्या, असा खांबासारखा उभा काय राहिलास!"

आर्वो रडला नाही. तो टेबलापाशी बसला, दिवा ओढला आणि डबे काढले. मुलीसाठी सगळ्यात चांगल्या वीस पुंगळ्या हव्या होत्या. वजनाने एकसारख्या आणि कमी वापरलेल्या. त्याने झाकणं पाहिली. एका रेघेचा डबा निवडला. त्यातल्या १९२.३ च्या तेवढ्या वेचून काढल्या. मी त्यात होते. सहाही म्हाताऱ्या त्यात होत्या.

तीन दिवस तो आम्हाला भरत होता. दारूचा एकेक कण चिमट्याने उचलून टाकत होता, कमी वाटला तर घालत होता, जास्त वाटला तर काढत होता. त्या तीन दिवसांत तो थुंकला नाही. कॉफीचा पेला त्याने खिडकीत ठेवला होता. मी नऊ वर्षांत त्याला असा पाहिला नव्हता. माया करायची त्याला एवढीच रीत येत होती, आणि त्या मायेने तो मुलीच्या गालाशी मला नेऊन ठेवत होता. मला तोंड होतं तेव्हाही बोलता येत नव्हतं, याचा मी त्या तीन दिवसांत जितका संताप केला तितका कधी केला नाही.

पंधरा नोव्हेंबरला सकाळी रानातल्या झोपडीत मार्नी, आर्वो आणि सायमा होते. सायमाला यंदा बंदूक मना होती. दोन आठवड्यांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांवर दवाखान्याचा तो काळा, कानापर्यंत झाकणारा चष्मा होता. ती फक्त बटाट्या-मटणाच्या कानवल्यांचं गाठोडं घेऊन आली होती.

मार्नी अडतिशीची, उंच, वडिलांचीच हनुवटी. बोलणं दोघांचंही मोजून.

"झोप लागली का?" आर्वोने विचारलं.

"लागली."

"ही घे. पाच आत, बाकी खिशात. सगळ्या एका वजनाच्या आहेत."

"हो ना," मार्नी म्हणाली. "असणारच."

आर्वोला तो टोमणा कळला की नाही, कोण जाणे. तिने आम्हा पाच जणींना रायफलीत सारलं. मी सगळ्यात वर, म्हणजे पहिली.

बाहेर बर्फ पडून गेला होता आणि ऊन चढायला लागलं होतं. मार्नीने डोळे बारीक केले. सायमाने आपला काळा चष्मा काढला आणि पुढे केला.

"हा घाल. बर्फाची तिरीप डोळ्यात जाते."

"आत्या, तुझे डोळे?"

"मी आत बसून विणणार आहे. घाल म्हणते ना! आणि काढायचा नाही हं."

आर्वो म्हणाला, "हा घालून गेलीस तर हरीण हसून मरेल. गोळी वाया जाणार नाही."

मार्नी हसली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती वडिलांच्या बोलण्यावर हसली, आणि चष्मा तिने नाकावर ठेवला. नुसत्या चेष्टेपायी तिने तो घातला असेल. मला कारणाशी काय करायचंय.

आठच्या सुमारास हरीण आलं. आठ टोकांची शिंगं, देवदाराच्या झाडाआड अर्धं अंग. मार्नीने गाल रायफलीच्या लाकडाला लावला. आयरीनच्या रायफलीचं पोट आर्वोच्या रायफलीपेक्षा केसभर ऐसपैस, म्हणजे मला ताणलं जायला आणखी जागा. आर्वोने ते कधी मोजलं नव्हतं. मी तिचा श्वास ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाई, ठेव खाली. तुझ्या बापाचा काटा आंधळा आहे.

तिने चाप ओढला.

मी खाचेपाशी फाटले. गोळी गेली, पण निम्मा भडका मागे आला. ठिणग्या, काजळी, पितळेचे कण. मार्नी किंचाळून मागे पडली. हरीण पळालं. आर्वो पलीकडच्या ओंडक्यावरून धावत आला, बर्फात दोनदा पडला. तिचा डावा गाल काळा झाला होता आणि त्यातून रक्त येत होतं. काळ्या चष्म्याच्या काचेला फुलासारखा तडा गेला होता. चष्म्याआड डोळे उघडे होते आणि तिला दिसत होतं.

"दिसतंय," ती सारखी म्हणत होती. "दिसतंय मला. दिसतंय."

आर्वोने काय करावं? त्याने आधी रायफलीचा मागचा दांडा ओढून ती उघडली. माझं बूड बाहेर पडलं, ते त्याने खिशात टाकलं. मग तिला उठवलं. त्याच्या खिशातून मी सतरा मैल दूर, गावच्या दवाखान्यापर्यंत गेले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने गालातले कण काढले आणि म्हणाल्या, "चष्मा नसता तर डावा डोळा गेला असता." आर्वो भिंतीकडे बघत होता. खिशात त्याची बोटं माझ्या फाटलेल्या कडेवरून फिरत होती.

दुपारी तिघं घरी आले. मार्नीला सायमाने स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसवलं. आणि आर्वो तळघरात आला.

मला वाटलं, आता तरी हा डोकं धरून बसेल. त्याने माझा वरचा तुकडा रायफलीच्या नळीतून उपसायला घेतला. तासभर घालवला त्यात. निघाल्यावर दोन्ही तुकडे पुसले, बुडातली टोपी काढली, काचेची पेटी उघडली आणि आम्हाला काट्यावर ठेवलं.

वर त्याची मुलगी गालाला पट्टी लावून बसली होती आणि हा खाली मला तोलत होता! अंगात आतडी असती तर मी त्या काट्यावरच ओकले असते.

जिन्यात पाऊल वाजलं. मार्नी खालून तिसऱ्या पायरीवर उभी होती. त्याच पायरीवर.

"किती भरलं, बाबा?"

आर्वोने वळून पाहिलं नाही. "१९२.२," तो म्हणाला. "वजन तर बरोबर होतं गं. एक दशांश फक्त कमी भरतंय."

"तो माझ्या गालात होता," मार्नी म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने काढला."

आर्वोचा हात टेबलावर तसाच राहिला. मार्नी खाली आली. तिने मला काट्यावरून उचललं आणि वडिलांचं बोट धरून माझ्या फाटलेल्या कडेवरून ओढलं. मी तिथे कागदाएवढी पातळ झाले होते. बोट चिरलं, रक्त आलं.

"हे दिसतं तुमच्या काट्यावर?"

आर्वोने रक्ताळलेलं बोट सदऱ्याला पुसलं.

"मी घरी परत यायला आले होते, बाबा. हरणासाठी नव्हते आले," ती म्हणाली. फळीवरच्या आयरीनच्या डब्याकडे तिने एकदा पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि वर गेली. संध्याकाळच्या आत तिची गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

आर्वो दुसऱ्या दिवशी खाली आला तेव्हा त्याच्या हातात सायमाची तार होती. मागून घेतली की चोरली, ठाऊक नाही. त्याने मार्नीसाठी भरलेल्या उरलेल्या एकोणीस पुंगळ्यांतून गोळ्या एकेक करून ठोकून उपसल्या, दारू ओतून टाकली आणि प्रत्येक पुंगळीत तार घातली. गुळगुळीत असली तर डावीकडे. अडकली तर उजवीकडे. उजवीकडे सहा झाल्या. त्यातल्या दोन माझ्यापाठोपाठ रायफलीत बसलेल्या होत्या. मार्नीचा पहिला बार नीट गेला असता, तर दुसरा किंवा तिसरा गेला नसता.

आर्वो त्या सहा जणींकडे बराच वेळ बघत राहिला. झाकणावरची एक रेघ बघितली. मग थुंकायचा पेला ओढला आणि त्यात भडभडून ओकला. तोंड न पुसता तसाच बसला. नऊ वर्षांची माझी किळस त्या दिवशी त्याच्या पोटात जाऊन पोचली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

फोन करायला त्याला पाच दिवस लागले. मी ऐकत होते.

"मार्नी, मी बाबा... सहा होत्या. तुझ्या डब्यात. आणखी सहा... नाही, काट्यावर नाही कळत. तारेने कळतं. बोटाला लागते... हो. आप्पांची." मग, "गाल कसा आहे?"

हे त्याने पहिल्यांदाच विचारलं. तिकडून ती काहीतरी बोलली. तळघरात शांतता असली की फोनमधला आवाजही येतो.

"दुखतो," मार्नी म्हणत होती. "आत्याला सांगा, तिचा फुटका चष्मा माझ्याकडे राहिलाय. नवा करून आणून देते. नाताळला."

"सांगतो."

"बाबा. आईच्या डब्यावर ती चिठ्ठी अजून आहे?"

आर्वोने फळीकडे पाहिलं. चिठ्ठी होती.

"नाही," तो म्हणाला. "काढली केव्हाच."

काट्याशेजारी बसून तो धडधडीत खोटं बोलला, आणि फोन तसाच कानाला धरून, उठून, टाचा उंचावून, त्याने फळीवरून आयरीनचा डबा हळूच खाली घेतला, परत बसून मांडीवर ठेवला आणि अंगठ्याच्या नखाने चिठ्ठीचा कोपरा खरवडायला लागला.

आता मी काट्याच्या ताटलीत पडून आहे. विजेची तार काढून टाकलीय, आकडे उमटत नाहीत. परवा शनिवारी वाफेची खोली तापली. सायमा घामाने निथळत बाहेर आली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय गं, थोटे," आणि वर गेली. वाफेने माझ्यावर हिरवा गंज चढायला लागलाय. तोही किळसवाणाच, पण माझा मी मिळवलेला. तुमच्या घरी कुणी सगळ्यांना वजनात बसवत असेल, तर त्याला सांगा, आत तार घालून बघ बाबा. आणि मला वितळवणार असाल तर खुशाल वितळवा, फक्त पुन्हा पुंगळी करू नका.

आर्वो रोज खाली येतो. चिठ्ठी निघाली, पण सहा वर्षांचा डिंक पत्र्याला धरून बसलाय. तो ओल्या फडक्याने डबा पुसतो, बोटाने चाचपतो आणि अजून लागतंय म्हणून पुन्हा पुसतो. नाताळला अजून तीन आठवडे आहेत.